अंतिम भूखंड आणि फ्रँकफर्टचा महापौर

अंधेरी, विलेपार्ले, बोरिवली किंवा घाटकोपरमधली एखादी जुनी सोसायटी पुनर्विकासाला निघाली की कपाटातून पिवळी पडलेली कागदपत्रे बाहेर येतात. त्यांत सिटी सर्व्हे नंबराच्या शेजारी बरेचदा आणखी एक नोंद असते : एफ. पी. नंबर अमुक, टी. पी. एस. तमुक. एफ. पी. म्हणजे फायनल प्लॉट, अंतिम भूखंड. टी. पी. एस. म्हणजे टाउन प्लॅनिंग स्कीम, नगररचना योजना. बोरिवली पश्चिमेला बाभई नाक्याच्या आसपास तर रस्त्यांच्या नावातच टीपीएस आहे, आणि रिक्षावाल्यापासून कुरिअरवाल्यापर्यंत सगळे ते नाव अर्थाची चौकशी न करता वापरतात. 'अंतिम' या शब्दाशी मात्र जरा थांबायला हवे. अंतिम भूखंड असेल तर त्याआधी कुठला तरी मूळ भूखंड असलाच पाहिजे; मग मुळातला भूखंड गेला कुठे, आणि तो बदलण्याचा अधिकार कोणाला कुठून मिळाला? या प्रश्नाचे उत्तर शोधत मागे गेले तर १९१५ सालच्या मुंबई प्रांताच्या कायद्यापाशी पोचता येते, आणि त्याच्याही मागे गेले तर फ्रान्त्स आदिकेस या जर्मन महापौरापाशी. साष्टी बेटाच्या, म्हणजे ज्यावर आज मुंबईची उपनगरे आहेत त्या जमिनीच्या, भातखाचरांशी या माणसाचा काहीही संबंध नव्हता. तरीही आज उपनगरात जे काही सरळ, रुंद आणि चालण्याजोगे रस्ते उरले आहेत, त्यांतल्या बऱ्याच रस्त्यांमागचा हिशेब त्याच्या कायद्यातून आलेला आहे. आणि तो हिशेब आपण मध्येच का सोडून दिला, हे समजून घेतल्याशिवाय आजच्या पुनर्विकासाची कोंडी नीट कळणार नाही, असे माझे म्हणणे आहे.

आदिकेसचा जन्म १९ फेब्रुवारी १८४६ चा, उत्तर जर्मनीतल्या हार्जेफेल्ड या छोट्या गावातला. शिक्षण कायद्याचे. प्रशियाच्या राज्यात तेव्हा महापौरपद हा एक पूर्णवेळ, पगारी पेशा होता. नगरसभेने माणूस निवडायचा, राजाने त्यावर शिक्कामोर्तब करायचे आणि मग बारा वर्षे त्याने शहर चालवायचे, अशी रीत. एका गावात नाव कमावलेला महापौर दुसरे मोठे गाव बोलावून नेई. आपल्याकडे एखादा जिल्हाधिकारी बढतीवर जातो तसे, फक्त इथे बोलावणारे लोक गावातले असत. आदिकेसने १८७३ मध्ये डॉर्टमुंडला उमेदवारी केली, १८७७ मध्ये हॅम्बुर्गला खेटून असलेल्या आल्टोना शहरात तो दुय्यम महापौर झाला आणि १८८३ मध्ये तिथला प्रमुख. आल्टोनात त्याने शेजारचे ओटेन्झेन हे कारखान्यांचे गाव १८८९ मध्ये शहरात सामील करून घेतले. पुढच्या आयुष्यात त्याला ज्या प्रश्नाने सोडले नाही तो प्रश्न इथेच भेटला : शहर आपल्या हद्दीबाहेर वाढते, पण हद्दीबाहेरची जमीन शहरासाठी आखलेली नसते. १८९० मध्ये फ्रँकफर्टचे महापौर योहानेस फॉन मिकेल प्रशियाचे अर्थमंत्री म्हणून बर्लिनला गेले आणि त्यांच्या जागी आदिकेसची निवड झाली. तो १९१२ पर्यंत त्या खुर्चीत होता. एवढ्या काळात फ्रँकफर्टची वस्ती सुमारे १ लाख ८० हजारांवरून चार लाखांच्या पुढे गेली. बोकेनहाइम १८९५ मध्ये शहरात आले, १९१० मध्ये आजूबाजूची आणखी अकरा गावे आली. माइन नदीवरचे पूर्व बंदर, शहराभोवतीचा झाडांचा वर्तुळाकार रस्ता, १९०९ चे भव्य उत्सवगृह, नागरिकांच्या देणग्यांवर १९१४ मध्ये उघडलेले विद्यापीठ ही सगळी त्याच्या नावावर जमा धरली जातात. आपल्याकडच्या चरित्रलेखनात अशी यादी झाली की पुतळ्याचे काम संपते. मला मात्र या यादीत नसलेली गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते.

ती गोष्ट जमिनीच्या पट्ट्यांची आहे. फ्रँकफर्टभोवतीच्या गावांत वडिलांची जमीन सगळ्या मुलांत वाटली जाई. तीन-चार पिढ्यांत एकेका शेताची फीत झाली. लांबी भरपूर, रुंदी काही पावलांची. शहर तिथवर पोचले तेव्हा या फितींवर घरे बांधणे अवघड होते. रस्ता काढायचा तर तो कोणाच्या तरी फितीला मधोमध कापणार, आणि ज्याची फीत कापली गेली तो बुडणार. शेजाऱ्याची फीत मात्र त्याच रस्त्यामुळे सोन्याची होणार. सक्तीने जमीन घेऊन रस्ते काढायचे तर नगरपालिकेला बाजारभावाने पैसे मोजावे लागणार, आणि तो बाजारभाव रस्ता येणार या नुसत्या बातमीनेच चढलेला असणार. म्हणजे नगरपालिकेने स्वतःच निर्माण केलेली वाढ स्वतःच विकत घ्यायची. आदिकेसने १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला यावर उपाय सुचवणारे विधेयक प्रशियाच्या वरिष्ठ सभागृहात मांडले. मालमत्तेच्या हक्कावर घाला म्हणून ते पडले. दहा वर्षांनी, २८ जुलै १९०२ ला, ते मंजूर झाले तेही फक्त फ्रँकफर्ट शहरापुरते. म्हणून त्या कायद्याला लोक 'लेक्स आदिकेस', आदिकेसचा कायदा, म्हणू लागले. सगळ्या प्रशियाला तो लागू व्हायला १९१८ साल उजाडले. तोवर आदिकेस वारलाही होता.

कायद्याची कल्पना साधी आहे आणि मराठी वाचकाला ती फार परकी वाटू नये. आपल्याकडे १९४७ च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्याखाली विखुरलेल्या शेतांचे एकत्रीकरण झाले, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. तीच युक्ती शेतीऐवजी शहरासाठी वापरायची. समजा, पाच मालकांच्या मिळून १०० गुंठे जमिनीचे वेडेवाकडे तुकडे आहेत. हे सगळे तुकडे कागदावर एकत्र करायचे. त्यातून रस्ते, मैदान, शाळा यांसाठी ३० गुंठे आधी बाजूला काढायचे. उरलेल्या ७० गुंठ्यांचे चौकोनी, रस्त्याला तोंड असलेले भूखंड पाडायचे आणि ते मालकांना त्यांच्या मूळ हिश्श्याच्या प्रमाणात परत द्यायचे. ज्याची जमीन २० गुंठे होती त्याला १४ गुंठे मिळतील. त्याचे सहा गुंठे गेले हे खरे. पण आधी गुंठ्याला १०० रुपये भाव होता आणि आता रस्त्यावरच्या भूखंडाला २५० आला, तर त्याचे २००० रुपयांचे ३५०० झाले. जमीन घटली, मिळकत वाढली. शिवाय तो आपल्या जागेवरून उठला नाही, आणि नगरपालिकेला रस्त्याची जमीन विकत घ्यावी लागली नाही. या मांडणीतला कळीचा भाग तो ३० गुंठ्यांचा आकडा नव्हे. तो फ्रँकफर्टमध्ये साधारण एक तृतीयांशाच्या आसपास मर्यादित होता आणि प्रत्येक योजनेत बदलू शकतो. कळीचा भाग असा की सार्वजनिक जागेचा भार ज्याच्या जमिनीवर नकाशातली रेघ पडली त्या एकावर न टाकता सगळ्यांवर सारखा टाकायचा. पंगतीत जागा कमी पडली की सगळ्यांनी थोडे थोडे सरकायचे, तसे.

मुंबईला ही युक्ती हवीहवीशी वाटायला प्लेग कारण झाला. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग सापडला, शहर रिकामे होऊ लागले, आणि १८९८ मध्ये सुधारणा करण्यासाठी बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने दादर, माटुंगा, शीव या भागांत योजना आखल्या त्या भूसंपादनाच्या जोरावर. १८९४ चा भूसंपादन कायदा हातात होता; जमीन घ्यायची, सपाट करायची, रस्ते आखायचे आणि भूखंड पट्ट्याने द्यायचे. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी यांची देखणी आखणी या पद्धतीने झाली. पण ती महागडी होती. ट्रस्टचे पैसे वर्षानुवर्षे जमिनीत अडकले, आणि माहीमच्या खाडीपलीकडे साष्टी बेटात हाच प्रयोग करणे कोणाच्या आवाक्यातले नव्हते. तिकडे मात्र लोक आधीच निघाले होते. प्लेगच्या भीतीने पार्ले-अंधेरीकडे माणसे झोपड्या बांधून राहिली होती, त्यांतली काही कायमची राहिली. आगगाडी होतीच, ठाण्याची १८५३ पासून, पश्चिमेची १८६० च्या दशकापासून. आणि जमीन? फ्रँकफर्टच्या फितींहून फार वेगळी नव्हती. भाताची खाचरे, मधले बांध, मिठागरे, चिंचेच्या आणि आंब्याच्या वाड्या, वाटण्यांनी तुटलेले हिस्से, आणि त्यांच्यामधून बैलगाडीच्या वाटा. अशा जमिनीवर ज्याने त्याने आपल्या खाचरात चाळ बांधली असती तर बैलगाडीची वाट हाच पुढे रस्ता ठरला असता. कित्येक ठिकाणी ठरलाच. या पार्श्वभूमीवर १९१५ चा पहिला कायदा म्हणून 'बॉम्बे टाउन प्लॅनिंग ॲक्ट' आला. हिंदुस्थानातला नगररचनेचा हा पहिला कायदा. मुंबई सरकारचे सल्लागार सर्व्हेअर ए. ई. मिरॅम्स यांनी पुढे या योजनांच्या कामात बराच पुढाकार घेतला. मूळ भूखंड, अंतिम भूखंड, त्यांची किंमत ठरवणारा लवाद, आणि वाढलेल्या किमतीतून मालकाने भरायची वर्गणी, ही सगळी यंत्रणा या कायद्याने उभी केली.

इथे एक रास्त आक्षेप येतो. मुंबई प्रांत इंग्रजांच्या ताब्यात होता, जर्मनांच्या नव्हे. १९०९ मध्ये ब्रिटनने स्वतःचा गृहनिर्माण व नगररचना कायदा केला होता. मग मुंबईच्या कायद्याचे श्रेय फ्रँकफर्टच्या महापौराला देणे म्हणजे ओढूनताणून नाते जोडणे नाही का? आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धे. दोन्ही कायदे शेजारी ठेवले की वाटणी स्पष्ट दिसते. योजनेमुळे जमिनीची किंमत वाढली तर त्या वाढीतला जास्तीत जास्त निम्मा भाग मालकाकडून घ्यायचा, ही तरतूद ब्रिटिश कायद्यातली. मुंबईने ती तशीच उचलली. पण वेगवेगळ्या मालकांचे भूखंड सक्तीने एकत्र करून, त्यांचे आकार बदलून, ते पुन्हा वाटून देण्याचा अधिकार १९०९ च्या ब्रिटिश कायद्यात नव्हता. तिथल्या जमिनी मोठ्या जमीनदारांच्या, सलग. त्यांना त्याची गरजही कमी होती. फेरवाटणीचा धागा जर्मन आहे. तो ब्रिटिश जगात माहीत नव्हता असेही नाही. मँचेस्टरचे थॉमस हॉर्सफॉल यांनी १९०४ मध्येच जर्मन शहरांचे उदाहरण पुढे ठेवणारे पुस्तक लिहिले होते आणि नगररचनेत रस असणाऱ्या अधिकाऱ्यांत जर्मनीचे नाव सतत निघे. मुंबईचा कायदा म्हणजे इंग्रजी वर्गणी आणि जर्मन वाटणी यांचा संकर. हाच जर्मन धागा जपानातही गेला. १९२३ च्या भूकंपात जळून गेलेल्या टोकियोचा मोठा भाग भूखंडांच्या फेरवाटणीनेच पुन्हा आखला गेला. राज्यकर्ता कोण होता यापेक्षा जमीन कशी तुटलेली होती, यावर या कायद्याचा प्रवास ठरलेला दिसतो. योगायोग असा की आदिकेस ४ फेब्रुवारी १९१५ ला फ्रँकफर्टमध्ये वारला. जर्मनी आणि ब्रिटन तेव्हा एकमेकांवर तोफा डागत होते, आणि ब्रिटिश मुंबईच्या कायद्यात त्याची कल्पना बसत होती.

उपनगरात या योजना राबवल्या कोणी? एकट्या महापौराने राबवल्या असे इथे म्हणता येत नाही, कारण असा महापौर नव्हताच. १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला. वांद्रे, कुर्ला, पार्ले-अंधेरी, घाटकोपर-किरोळ अशा छोट्या छोट्या नगरपालिका आपापला कारभार पाहत. त्यांच्याजवळ पैसा नव्हता, अभियंते मोजके, आणि मतदार म्हणजे कर भरणारे मिळकतदार. पण नेमकी हीच दुर्बलता फेरवाटणीच्या पथ्यावर पडली. ज्या नगरपालिकेला एक फर्लांग रस्त्याची जमीन विकत घेणे परवडत नव्हते, तिला विकत न घेता रस्ता देणारा कायदा वरदानच होता. आणि मिळकतदार मतदारांनाही त्यात आपला फायदा दिसत होता. १९५० च्या एप्रिलमध्ये महापालिकेची हद्द पश्चिमेला जोगेश्वरीपर्यंत आणि मध्य रेल्वेवर भांडुपपर्यंत गेली, १९५७ च्या फेब्रुवारीत दहिसर आणि मुलुंड आत आले, आणि या गावांचा कारभार अशा महापालिकेकडे गेला जिच्या १८८८ च्या कायद्याने कार्यकारी सत्ता सरकारने नेमलेल्या आयुक्ताच्या हाती ठेवली होती. मुंबईच्या नगराध्यक्षाला 'महापौर' हे नाव मिळाले तेच १९३१ मध्ये, बोमन बेहराम यांच्यापासून. आणि पद मिळाले ते मुख्यतः मानाचे. आदिकेसला बावीस वर्षे मिळाली, आपल्या महापौराची मुदत अडीच वर्षांची. शिवाय मार्च २०२२ मध्ये पालिका सभागृहाची मुदत संपली त्यानंतर कित्येक वर्षे शहर महापौरावाचून प्रशासकाच्या हाताखाली चालले आणि नळाला पाणी येत राहिले. एवढ्यावरून त्या पदाच्या वजनाची कल्पना यावी. आपल्या प्रांताचा तोच १९१५ चा कायदा अहमदाबादेलाही लागू होता. १९२४ ते १९२८ वल्लभभाई पटेल तिथल्या नगरपालिकेचे अध्यक्ष होते आणि साबरमतीपलीकडे एलिसब्रिज भागात नगररचना योजनांना त्या काळात राजकीय पाठबळ मिळाले. अहमदाबादेने ती सवय पुढे कधीच सोडली नाही. हा फरक केवळ योगायोगाचा मानणे मला जड जाते.

योजनांचा परिणाम जमिनीवर पाहायचा तर नकाशा पुरतो. पार्ल्यात किंवा घाटकोपर पूर्वेला जुन्या योजनांच्या हद्दीत रस्ते एकमेकांना काटकोनात भेटतात, भूखंडांना रस्त्याकडे तोंड आहे, बंगल्याची चार मजली इमारत झाली तरी बाजूला झाडाला जागा उरली. त्याच स्टेशनपासून थोडे दूर, योजनेच्या हद्दीबाहेर गेले की साकीनाका, असल्फा, भांडुपच्या टेकडीकडची वस्ती : गाडीवाटेचा रस्ता झाला, रस्त्याची गल्ली झाली, गल्लीची बोळ. कोणी म्हणेल, हा फरक गरिबी-श्रीमंतीचा आहे, कायद्याचा नव्हे. गरिबीचा वाटा आहेच. पण मुलुंडचे उदाहरण या शंकेला थोडे वेगळे वळण देते. मुलुंड पश्चिमेची स्टेशनाजवळची आखणी १९२० च्या दशकात क्राऊन अँड कार्टर या वास्तुरचनाकारांनी केली. सरळ रस्ते, चौकोनी भूखंड, आणि 'झवेर रोड' हे नाव अजून त्या काळच्या जमीनमालकाची आठवण ठेवून आहे. तिथे कोणालाही कोणाची जमीन फेरवाटावी लागली नाही, कारण जमीन मोठ्या प्रमाणात एका हातात होती. म्हणजे जिथे मालक एक, तिथे आखणी आपोआप होऊ शकते. जिथे मालक पन्नास, तिथे पन्नासांना एका नकाशावर आणणारा कायदा लागतो. साष्टीत पन्नासवालीच गावे जास्त होती.

यापेक्षा जड आक्षेप वेगळा आहे, आणि त्याला मी बगल देणार नाही. फेरवाटणीत हिस्सा मिळतो तो ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला. जो कुळ म्हणून कसत होता, जो वाडीत राखणदार म्हणून राहत होता, ज्याची झोपडी खाचराच्या बांधावर होती, त्याच्या नावाचा मूळ भूखंड नव्हता, तर अंतिम भूखंड कुठून येणार? वझिरा, एक्सर, किरोळ, आंबोली, मरोळ अशी गावठाणे तर बहुतेक जशीच्या तशी ठेवून त्यांच्या भोवतीने योजना आखल्या गेल्या. त्यामुळे आगरी, कोळी आणि ईस्ट इंडियन घरे पाडली गेली नाहीत, हे चांगले. पण भोवतालची रुंदी त्यांच्या वाट्याला आली नाही, आणि आज गावठाणात अग्निशमन दलाची गाडी शिरत नाही ही तक्रार तिथूनच सुरू होते. आदिकेसच्या फ्रँकफर्टमध्येही नगरसभेचा मताधिकार मिळकत आणि उत्पन्नाशी बांधलेला होता. भाडेकरूंचे शहर मालकांनी चालवले. ही त्या कायद्याची जन्मजात मर्यादा आहे. मात्र तिची तुलना आदर्शाशी न करता, त्या काळी हाताशी असलेल्या दुसऱ्या मार्गाशी केली पाहिजे. तो दुसरा मार्ग म्हणजे भूसंपादन. नवी मुंबईसाठी १९७० नंतर ठाणे आणि त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातल्या पंचाण्णव गावांची जमीन संपादित करायला घेतली गेली. मालक आणि कसणारा दोघेही जागेवरून उठले, मोबदल्याचा भाव आणि जमिनीचा पुढचा भाव यांत दरी पडली, आणि १९८४ च्या जानेवारीत जासई आणि दास्तान फाट्यावर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पाच जण गोळीबारात गेले. त्यातून पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली : संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत. गंमत पाहा, पाच हुतात्म्यांनंतर जे साडेबारा टक्के हाती आले, तेच तत्त्व १९१५ च्या कायद्यात मोठ्या हिश्श्यासह आधीच लिहिलेले होते.

मग मुंबईने हा मार्ग सोडला का? एक कारण वेळेचे. मूळ भूखंडांची मोजणी, किंमत, हरकती, लवादाचा निवाडा, अपील, या साखळीत योजना दशक-दोन दशके रेंगाळत, आणि अंतिम होईपर्यंत रस्त्याच्या जागी कोणाचे तरी घर उभे असे. आदिकेसला स्वतःच्या विधेयकासाठी दहा वर्षे थांबावे लागले होते, तेव्हा संथपणा हाही या वारशाचाच भाग म्हणायला हवा. दुसरे कारण विचाराच्या बदलाचे. १९५४ च्या कायद्याने, आणि मग १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने संपूर्ण शहराचा विकास आराखडा केंद्रस्थानी आणला. आराखड्यात मैदान, शाळा, दवाखाना यांच्या जागा रंगवायच्या आणि त्या यथावकाश संपादित करायच्या. कागदावर हे जास्त शास्त्रीय दिसते. पण त्यात भार पुन्हा ज्याच्या जमिनीवर रंग पडला त्या एकट्यावर आला, आणि रंग शेजारच्यावर पडावा यासाठी खटपटी करण्याला मोल आले. १९६७ च्या आराखड्यातल्या आरक्षणांपैकी थोडाच भाग प्रत्यक्षात आला. बाकीच्या जागांवर एक तर अतिक्रमण झाले किंवा दावे. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने मोकळी जमीन आणखी गोठवली. गुजरातने मात्र १९७६ च्या आपल्या कायद्यात नगररचना योजनाच मुख्य साधन ठेवले, आणि १९९९ मध्ये एक छोटी दुरुस्ती केली : योजना अंतिम होण्याची वाट न पाहता, मसुदा मंजूर होताच रस्त्याची जमीन ताब्यात घेता येईल. त्या एका कलमाने संथपणाचे दुखणे बरेच कमी झाले. अहमदाबादभोवतीचा ७६ किलोमीटरचा सरदार पटेल रिंग रोड या योजनांच्या आधाराने झाला. याचा अर्थ संथपणा हा फेरवाटणीचा अटळ दोष नव्हता. तो दुरुस्त होऊ शकणारा होता आणि मुंबईने दुरुस्तीऐवजी काडीमोड घेतला.

त्याची किंमत उपनगराने दुसऱ्या वाटेने मोजली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर, आणला. आरक्षित जमीन द्या, तिच्या बदल्यात दुसरीकडे बांधायचा हक्क घ्या. कल्पना आदिकेसला आवडली असती. पैसे न देता जमीन, आणि मालक नाराज नाही. फरक असा की फेरवाटणीत रस्ता आणि बांधकाम एकाच नकाशावर, एकाच वेळी ठरत. टीडीआरमध्ये जमीन एकीकडची आणि बांधकाम दुसरीकडचे. नियमाने हा हक्क मुंबई शहरात वापरायला बंदी होती, तो उत्तरेला उपनगरात वापरायचा. परिणामी पार्ले, अंधेरी, बोरिवली, घाटकोपर यांनी इतरांचा टीडीआर गिळला, आणि तोही ज्या रस्त्यांवर गिळला ते रस्ते १९२०–३० च्या सुमारास दोन-तीन मजल्यांच्या घरांसाठी आखलेले होते. त्यावर २०१२ पासून ३५ टक्के फंजिबल, म्हणजे नेहमीच्या मर्यादेवरचे जादा, चटईक्षेत्र आले. आज टीपीएसमधल्या एका अंतिम भूखंडावरची तीन मजली इमारत जाऊन वीस मजली येते, शेजारच्या भूखंडावरही तसेच होते, आणि दोघांमधला रस्ता मात्र तेवढाच राहतो, वर दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या. लोक म्हणतात, रस्ता अरुंद आहे. रस्ता अरुंद नव्हता. इमारतीने किमतीची वाढ दुसऱ्यांदा घेतली, पण वाटा दुसऱ्यांदा दिला नाही.

यावर उत्तर असे मिळते की वाटा दिला जातो. चटईक्षेत्राच्या अधिमूल्यातून, म्हणजे प्रीमियममधून, पालिका आणि सरकार भरपूर पैसे घेतात. ते खरे आहे, आणि पैसा घेण्यात गैर काहीच नाही. खुद्द आदिकेसने १९०४ मध्ये फ्रँकफर्टमध्ये जमिनीच्या वाढलेल्या किमतीवर कर बसवला होता. मोठ्या जर्मन शहरांत असे करणारे ते अगदी सुरुवातीचे शहर. मालकाने काही न करता जमिनीचा भाव चढला, तर त्या चढीत शहराचा हक्क आहे, हे त्याचे मत दोन्ही कायद्यांतून दिसते. पण त्याने दोन्ही हात वेगळे ठेवले : वाढीव किमतीतून पैसा, आणि जमिनीतून जमीन. पैशातून सागरी मार्ग होऊ शकतो, पूल होऊ शकतो. पण पार्ल्यातल्या एका गल्लीची रुंदी त्या पैशातून वाढत नाही, कारण त्या गल्लीच्या दोन्ही बाजूंची जमीन तोवर इमारतींनी व्यापलेली असते. जमिनीची गरज जमिनीनेच भागते, आणि ती मागण्याचा क्षण एकच असतो : जुनी इमारत पडलेली आणि नवी उभी राहायची आहे, तेवढा.

त्या क्षणाला फेरवाटणी शक्य नाही, आता मोकळी जमीनच कुठे आहे, असे म्हणून हा विषय बहुधा मिटवला जातो. सोसायट्यांच्या बाबतीत मला हे पटत नाही. जमीन मोकळी असण्याची अट शेतासाठी होती. आज एका गल्लीतल्या सहा-आठ सोसायट्या चार-पाच वर्षांच्या अंतराने पुनर्विकासाला जातात, प्रत्येक स्वतंत्र बिल्डर, स्वतंत्र नकाशा, स्वतंत्र पार्किंगचा मनोरा. त्यांचे अंतिम भूखंड एकत्र धरून, रस्त्याला पाच-सहा फूट देऊन, उरलेल्यात चटईक्षेत्र प्रमाणात वाटता येते. हिशेब गुंठ्यांऐवजी चौरस फुटांचा होईल, एवढेच. अडचण खरी आहे ती संमतीची : आठ सोसायट्यांची सर्वसाधारण सभा म्हणजे काय असते हे उपनगरात कोणाला सांगायला नको. पण पाच मालकांची संमती आपोआप मिळत नाही म्हणूनच तर आदिकेसने कायदा मागितला होता. समूह पुनर्विकासाची तरतूद नियमावलीत आहे. तिच्यात कमी आहे तो नकाशा आधी ठरवणारा, बिल्डरच्या बाजूचा नसलेला, जुन्या लवादासारखा अधिकारी.

आणि कायदा हवा असेल तर तो नव्याने करावाही लागणार नाही. १९६६ च्या अधिनियमात नगररचना योजनांचे पाचवे प्रकरण अजून जिवंत आहे. नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या नैना क्षेत्रात सिडको त्याच प्रकरणाखाली योजना करते आहे; मालकाने साठ टक्के जमीन द्यायची आणि चाळीस टक्के अंतिम भूखंड म्हणून परत घ्यायची. पुण्याजवळ म्हाळुंग्यातही तशीच योजना हाती घेतली गेली. पनवेल तालुक्यातल्या गावांत या साठ-चाळीसावरून हरकती आणि सभा चालू असतात. त्या सभांतले वाद वाचले तर फ्रँकफर्टच्या शेतकऱ्यांनी हेच विचारले असेल असे वाटत राहते : माझे सहा गुंठे कमी का, शेजाऱ्याला कोपऱ्याचा भूखंड का, आणि रस्ता नक्की कधी होणार?